पायाचा खड्डा

गोदेला पूर आला की नाशिककर एकमेकांना आकडा विचारत नाहीत. ‘दुतोंड्याला कुठवर लागलं?’ एवढेच विचारतात. घाटावर पात्रात उभा असलेला दोन तोंडांचा मारुती ही आमची मोजपट्टी. पाणी त्याच्या गुडघ्याला असले तर माणसे पोराबाळांना घेऊन पूर बघायला निघतात, कमरेला लागले की घाटावरच्या टपऱ्या हलतात, छातीवर चढले की सराफ बाजारातली दुकाने खालच्या फळीवरचा माल वर टाकू लागतात.

मारुती खोटे सांगत नाही, पण जे सांगतो ते घडत असताना सांगतो. टपरीवाल्याला ते पुरत नाही. त्याचा कान गंगापूर धरणाकडे असतो: किती क्युसेक सोडले? तिथून निघालेले पाणी रामकुंडावर यायला काही तास लागतात आणि टपरी उचलायला तेवढे तास पुष्कळ झाले. तिसरा आकडा पूर ओसरल्यावर हाती येतो, भांडी बाजारातून किती ट्रॅक्टर गाळ निघाला त्याचा. तो सगळ्यांत अचूक, पण नुकसानभरपाईच्या अर्जापलीकडे त्याचा उपयोग नाही.

देशाच्या अर्थकारणातही आकड्यांच्या अशाच तीन जाती आहेत. जीडीपीचा तिमाही आकडा तिमाही संपून दोन महिने होत आले की जाहीर होतो. तो गाळाच्या ट्रॅक्टरांतला. विजेचा वापर, जीएसटीची वसुली, महामार्गावरची मालवाहतूक हे मारुतीचे गुडघे आणि कंबर. धरणाच्या विसर्गासारखे, पुढचे आधी सांगणारे आकडे मात्र मोजकेच. त्यांत जगभरचे अर्थतज्ज्ञ ज्याच्याकडे डोळे लावून बसतात तो आकडा आहे, या महिन्यात किती नव्या घरांचे काम सुरू झाले याचा. ‘सुरू झाले’ या दोन शब्दांवर त्याची सगळी मदार आहे, म्हणून आधी एक सुरुवात जवळून पाहू.

दिंडोरी रोडवरून म्हसरूळच्या बाजूला आत वळले की माझी रोजची फिरायची वाट लागते. त्या वाटेवर एक भूखंड कित्येक वर्षे बाभळी आणि ‘ही जागा विकणे नाही’ अशी पाटी घेऊन पडून होता. एका सकाळी पाहिले तर बाभळी गायब. दुसऱ्या दिवशी चार कोपऱ्यांना खुंट्या, त्यांना ताणलेली सुतळी आणि जमिनीवर पांढऱ्या फक्कीच्या रेघा. ईशान्येला नारळ फोडलेला, पाच विटांवर हळदकुंकू. तिसऱ्या दिवशी जेसीबी आला. वरची काळी माती ओरपून त्याने एका बाजूला ढीग घातला. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. शेतीला सोने, इमारतीला दगा. तिच्यावर पाया धरत नाहीत, मुरूम लागेपर्यंत खाली जात राहतात. खड्ड्याच्या काठावर उभा असलेला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारत असतो: ‘मुरूम लागला का?’ आमच्या भागात गंगापूरचा डावा कालवा जवळ असल्याने मुरूम लागायच्या आधी बऱ्याचदा पाणी लागते. मग पंप आणा, पाणी उपसा, पुन्हा खणा.

या खड्ड्यात काय विशेष? तो पडेपर्यंत सगळ्यांनाच माघार घेता येत होती. जमीन घेतली असेल तर पुन्हा विकता येते. बिनशेतीचा आदेश फायलीत राहतो. नकाशा मंजूर होऊन वर्षभर कपाटात पडला तरी खायला मागत नाही. पण जेसीबी उतरला की दिवस मोजून पैसे जायला लागतात. सळईवाल्याला उचल द्यायची, मुकादमाला आठवड्याचा बाजार द्यायचा, काँक्रीटची गाडी मागवायची, बँकेचे व्याज चालू. पैसे लावणारा माणूस दोन-अडीच वर्षांनी ही घरे कोणीतरी घेईल असे मनाशी धरून चालला आहे आणि तसे धरायला त्याला कोणीतरी भरीला घातले आहे: बँकेने हप्ता मंजूर केला आहे, चार-सहा गिऱ्हाइकांनी टोकन दिले आहे, जमीनमालकाने भागीत काम करायला होकार दिला आहे. एवढ्या लोकांचे पुढच्या दिवसांबद्दलचे मत एका खड्ड्यात जमा झालेले असते. मतचाचणीत माणूस काहीही बोलतो. खड्डा खणताना नाही बोलत.

त्या मतावर सगळ्यांत लवकर परिणाम व्याजदराचा होतो. तीस लाखांचे कर्ज, वीस वर्षांची मुदत. दर सात टक्के असेल तर महिन्याचा हप्ता सुमारे २३,२६० रुपये, नऊ टक्के झाला तर सुमारे २६,९९०. साडेतीन हजारांहून जास्त फरक. पंचवटीत वनबीएचके शोधणाऱ्या, सातपूर-अंबडच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या नवरा-बायकोसाठी हा फरक म्हणजे मुलाची शाळेची फी. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला, तेव्हा हीच गणिते घराघरांत वहीच्या मागच्या पानावर मांडली गेली.

एकदा खड्डा पडला की त्याच्या मागे वर्ष-दोन वर्षांची रांग लागते. माझ्या ओळखीचे एक हार्डवेअरवाले आहेत, ते म्हणतात, ‘ताई, बाजार कसा आहे ते मला विचारू नका, सळईवाल्याला विचारा. माझ्याकडे येईपर्यंत बातमी शिळी झालेली असते.’ खरेच आहे. आधी सळई आणि खडी, मग सिमेंट, सेंट्रिंगच्या प्लेटा, विटा किंवा ब्लॉक. स्लॅब पडत गेले की वायरी आणि पाइप. गिलाव्यानंतर टाइल्स, खिडक्या, नळ, रंग. ताबा मिळाल्यावर सुतार, पंखे, पडद्यांचे रॉड आणि सगळ्यांत शेवटी गच्चीत ठेवायची तुळस. सळईवाल्याची उधारीची वही आज जे सांगते ते पडदेवाल्याला दोन दिवाळ्यांनी कळते. एका घराच्या सुरुवातीतून पुढच्या कितीतरी धंद्यांची मागणी आधीच लिहून ठेवली जाते, म्हणून हा आकडा पुढचे सांगतो. त्यात जादू काही नाही.

ही मोजणी नेमाने कशी करायची याचा धडा अमेरिकेने घालून दिला. तिथले जनगणना खाते १९५९ पासून दर महिन्याला हा आकडा काढते. त्यांची व्याख्या वाचली तेव्हा मला म्हसरूळचा जेसीबीच आठवला: पायासाठी खोदकाम सुरू झाले की घर सुरू झाले. इमारतीत चाळीस सदनिका असतील तर पहिल्या खोदकामालाच चाळीस घरे सुरू झाली असे धरतात. महिन्याचा आकडा हंगामाचा परिणाम वजा करून वर्षाच्या वेगात सांगतात, म्हणजे असाच वेग राहिला तर वर्षात किती. जानेवारी २००६ मध्ये तो वेग २२ लाखांवर होता. एप्रिल २००९ मध्ये तो पाच लाखांच्याही खाली आला. लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली ती सप्टेंबर २००८ मध्ये आणि तिथली मंदी अधिकृतपणे सुरू झाली असे मानतात ती डिसेंबर २००७ पासून. खड्डे मात्र २००६ पासूनच कमी होत होते. विसर्ग वाढल्याचे कळले होते, टपऱ्या कोणी हलवल्या नाहीत.

ऑगस्ट २००७ मध्ये, संकट अजून उंबऱ्यावर असताना, कॅलिफोर्निया विद्यापीठाचे एडवर्ड लीमर यांनी जॅक्सन होल इथे जमलेल्या मध्यवर्ती बँकांच्या अधिकाऱ्यांसमोर एक निबंध वाचला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दहा अमेरिकन मंद्यांपैकी आठ मंद्यांच्या आधी घरबांधणी घसरली होती, असे त्यांनी दाखवले. सुटलेल्या दोन म्हणजे कोरियन युद्ध संपल्यावरची १९५३ ची आणि इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटल्यावरची २००१ ची. पण मला त्यातला दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. घरांच्या बाजारात मंदी आली की आधी किमती पडत नाहीत, काम पडते. लीमरना हे सिद्ध करायला अनेक दशकांची आकडेवारी लागली. पंचवटीतल्या कोणत्याही बिल्डरला ते पाठ आहे. भाव एकदा पाडला की आधी घर घेतलेले वीस जण दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन बसतात. त्यापेक्षा पाटीवरचा भाव तसाच ठेवायचा, मॉड्युलर किचन फुकट द्यायचे आणि दुसऱ्या विंगचा जेसीबी लांबवायचा. म्हणून ‘नाशिकमध्ये भाव टिकून आहेत’ ही बातमी वाचून कोणी निर्धास्त होऊ नये. भाव टिकवण्यासाठी किती खड्डे रद्द झाले, ते त्या बातमीत नसते.

हे लक्षात ठेवून आपल्याकडच्या आकड्यांकडे वळले की एक चमत्कारिक गोष्ट दिसते. भाव मोजायची आपली व्यवस्था बरी आहे. नॅशनल हाउसिंग बँकेचा ‘रेसिडेक्स’ हा घरांच्या किमतींचा निर्देशांक २००७ पासून आहे आणि आज तो ज्या पन्नास शहरांसाठी निघतो त्यांत नाशिकही आहे. खड्डे मोजायची व्यवस्था मात्र नाही. ती करायचा प्रयत्न झाला होता. अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञगटाने २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेला अहवाल दिला. महापालिकांनी दिलेल्या बांधकाम परवानग्यांवरून, परवानगी मिळाल्यावर काम किती दिवसांनी सुरू होते त्याची पाहणी करून, घरे सुरू होण्याचा निर्देशांक तयार करायचा अशी ती कल्पना होती. कल्पना चांगली होती. पण तिचा पाया महापालिकांच्या कागदांवर होता, आणि मंजूर झालेला कागद नि खणलेला खड्डा यांत किती अंतर पडू शकते ते नाशिकइतके चांगले कोणी सांगू शकणार नाही.

२०१५ ते २०१७ ही तीन वर्षे घ्या. २०१५ चा उन्हाळा सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांचा. रस्ते, घाट, पूल, तपोवनातले साधुग्राम. शहरभर सिमेंट आणि खडी, मजूर मिळेना. त्याच वर्षी कचऱ्याच्या प्रश्नावरून राष्ट्रीय हरित लवादाने शहरातल्या नव्या बांधकाम परवानग्यांवर निर्बंध आणले. त्याच सुमाराला ‘कपाट’ प्रकरण उभे राहिले. बाहेरच्या माणसाला हे हसण्यावारी नेण्यासारखे वाटेल, पण नाशिकच्या बांधकाम धंद्यात आजही ‘कपाट’ म्हटले की लोक सुस्कारा टाकतात. नकाशात कपाट म्हणून दाखवलेली आणि एफएसआयमध्ये न धरलेली जागा प्रत्यक्षात खोलीत मिसळून गेलेली. ती मोजायची की नाही यावर पूर्णत्वाचे दाखले अडकले. हजारो सदनिका बांधून तयार, लोक राहायलाही गेले, पण कागदावर इमारत अपुरीच. पुढे नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी आली. (त्या नव्या नोटांतल्या कितीतरी नाशिकरोडच्याच छापखान्यात छापल्या गेल्या, ही आमची आणखी एक गंमत.)

आता त्या तीन वर्षांचा परवानग्यांचा किंवा दाखल्यांचा तक्ता कोणी अभ्यासकाने दिल्लीत बसून पाहिला तर त्याला काय दिसेल? आकडा घसरलेला दिसेल आणि तो म्हणेल, नाशिकमध्ये मागणी आटली. मागणी किती आटली, लवादाने किती अडवले, कपाटाने किती अडकवले आणि नोटांनी किती गिळले हे त्या एका रेघेतून वेगळे काढायची सोयच नाही. धरणाचा विसर्ग कमी झाला याचा अर्थ पाऊस थांबला असा होतो, पण कोणी दरवाजा बंद केला असेल तर?

उलटेही होते. वार्षिक बाजारमूल्य दर, ज्याला सगळे ‘रेडी रेकनर’ म्हणतात, १ एप्रिलला बदलतात. म्हणून मार्चमध्ये नगररचना विभागाच्या जिन्यात वास्तुविशारदांच्या पोरांची रांग लागते. जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने बांधकाम अधिमूल्यात वर्षअखेरपर्यंत ५० टक्के सवलत दिली. मुदत संपत आली तशी प्रस्तावांची झुंबड उडाली. त्यातले किती खड्डे लगेच पडले? सवलत संपायच्या आत पावती फाडून ठेवणे हा शहाणपणा आहे, पण त्याला बांधकाम म्हणत नाहीत.

मग दस्त नोंदणीचा आकडा पाहावा का? मुद्रांक कार्यालयाचा आकडा ताजा असतो आणि वर्तमानपत्रांचा तो लाडका. पण नोंदणी होते विक्रीची, आणि विक्री तयार घराचीही असते, नुसत्या नकाशातल्या घराचीही. कोविडच्या वर्षी सरकारने १ सप्टेंबर २०२० पासून मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी उतरवले, डिसेंबरअखेरपर्यंत. मुंबईत ऑगस्टमध्ये २,६४२ दस्त नोंदले गेले होते, सप्टेंबरमध्ये साडेपाच हजारांच्या वर, डिसेंबरमध्ये साडेएकोणीस हजारांच्या वर. यात मला मौज वाटली ती वेगळ्याच कारणाने. त्या सप्टेंबरचा पहिला पंधरवडा पितृपक्षाचा होता आणि पितृपक्ष संपतो तोच १८ सप्टेंबरपासून अधिक आश्विन लागला, तो १६ ऑक्टोबरपर्यंत. दीड महिना सलग एकही चांगला दिवस नाही, असे पंचांगाचे म्हणणे. तरी नोंदणी दुप्पट झाली. तीन टक्के वाचत असतील तर पितर समजून घेतात.

भूमिपूजनाच्या बाबतीत मात्र पितर इतके उदार नसतात. पंचवटीत पितृपक्षात जेसीबी उतरलेला मी तरी पाहिलेला नाही. म्हणून हंगामाचा परिणाम वजा करायचा झाला तर आपल्याला दोन पंचांगे लागतील. एक पावसाचे: जून ते सप्टेंबर काळ्या मातीत खोदकाम नको. ते दरवर्षी त्याच महिन्यांत येते, म्हणून वजा करायला सोपे. दुसरे तिथींचे: पितृपक्ष, अधिक महिना, दसरा, पाडवा, अक्षय्यतृतीया. हे इंग्रजी महिन्यांत पुढेमागे सरकते. अधिक महिना २०२३ मध्ये श्रावण होता, २०२६ मध्ये ज्येष्ठ, म्हणजे ऐन मे-जूनमध्ये. गेल्या वर्षीच्या मेशी या वर्षीचा मे ताडून पाहणाऱ्याने हे ध्यानात घेतले नाही तर तो अधिक महिन्याला मंदी म्हणून बसेल.

आणि आमच्याकडे तर याहून मोठा, बारा वर्षांचा हंगाम आहे. सिंहस्थ गुरूत, म्हणजे गुरू सिंह राशीत असताना, विवाह करू नयेत असे धर्मशास्त्राचे जुने निबंधग्रंथ सांगतात. पण तो निषेध सरसकट नाही: गोदावरीच्या उत्तरेपासून गंगेच्या दक्षिण तीरापर्यंत. याचा अर्थ असा की गोदेच्या उजव्या तीरावरचे जुने नाशिक मोकळे आणि डाव्या तीरावरची पंचवटी बांधलेली! रामसेतू पुलावरून पाच मिनिटांत पलीकडे गेले की मुहूर्त निघतो. लग्न नाही तर नवा संसार नाही, नवा संसार नाही तर वनबीएचकेची चौकशी नाही. हा परिणाम आज किती उरला आहे ते मोजलेले माझ्या पाहण्यात नाही. मंगल कार्यालयवाले मात्र त्याची दखल घेतात.

कागद सोडून माणसांकडे पाहिले तर? पेठ नाक्याच्या परिसरात सकाळी मजूर उभे राहतात. पेठ, सुरगाण्याकडून आलेले, बायका-पुरुष दोन्ही, हातात डबा आणि थापी किंवा नुसतीच पिशवी. आठ वाजता ठेकेदारांच्या गाड्या येतात. ‘गवंडी किती? बिगारी किती? हजेरी काय?’ असा पाच मिनिटांचा सौदा होतो आणि माणसे टेम्पोत चढतात. बांधकाम जोरात आहे की नाही ते मी दहा वाजता तिथून जाताना पाहते. दहाला नाका रिकामा म्हणजे कामे आहेत. पन्नास-साठ जण अजून फुटपाथवर बसलेले असतील तर कुठेतरी जेसीबी थांबले आहेत. देशात शेतीनंतर सर्वांत जास्त रोजगार देणाऱ्या क्षेत्रांत बांधकाम आहे, तेव्हा नाक्यावरचे हे उरलेले लोक साधा आकडा नव्हेत.

बरेच दिवस मला वाटत होते की मला फुकटात एक निर्देशांक सापडला. मग एका ऑक्टोबरात नाका सकाळी साडेआठलाच ओस पडलेला दिसला. मी आनंदाने घरी येऊन सांगितले, बांधकामाला तेजी आली. सासरे हसले. म्हणाले, ‘अगं, छाटणी सुरू झालीय.’ दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी लागली की हेच हात बागेत जातात. छाटणी, मग विरळणी, मग जानेवारीपासून काढणी. बागायतदार जास्त हजेरी देतो तेव्हा सेंट्रिंगवाला हात चोळत बसतो आणि स्लॅब पुढे ढकलतो. नाका ओस पडण्याचे कारण काँक्रीट होते की कैची, हे गाडीत चढणाऱ्यांच्या हातात काय आहे ते पाहिल्याशिवाय कळत नाही. तेव्हापासून मी जरा थांबून पाहते.

सिमेंटचेही तसेच. आठ मूलभूत उद्योगांच्या मासिक निर्देशांकात सिमेंटला ५.३७ टक्के वजन आहे, पोलादाला १७.९२. सिमेंट जास्त खपले की टीव्हीवर ‘घरबांधणीला वेग’ असा मथळा येतो. पण पोते कुठे गेले ते पोत्यावर लिहिलेले नसते. नाशिक जिल्ह्यातून गेलेल्या समृद्धी महामार्गाने किती पोती खाल्ली असतील! आता २०२६-२७ च्या सिंहस्थाचे घाट आणि रस्ते खाणार.

सध्या त्यातल्या त्यात उजवा आकडा महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा. १ मे २०१७ पासून हे प्राधिकरण काम करते. नोंदणीशिवाय जाहिरात नाही, विक्री नाही. गिऱ्हाइकाच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे. दर तिमाहीला काम कुठवर आले ते संकेतस्थळावर चढवायचे. नाशिक जिल्ह्यातल्या सुरुवातीच्या वर्षांतल्या प्रकल्पांचे क्रमांक ‘पी ५१६’ने सुरू होतात. इमारतीबाहेरच्या फलकावरून तो क्रमांक उतरवून घ्या आणि घरी जाऊन पाहा: किती मजले, किती विकले, मुदत कितीदा वाढवली, सगळे सापडते. मी हा छंद काही महिने केला. माणसांच्या कुंडल्या पाहण्यापेक्षा हा बरा. पण ५०० चौरस मीटरपेक्षा लहान भूखंड किंवा आठ सदनिकांपर्यंतची इमारत नोंदणीतून सुटते, आणि हिरावाडीपासून मखमलाबादपर्यंत गल्लीबोळांत जे उभे राहते ते बरेचसे याच मापाचे: खाली गाडी, वर तीन मजले, दोन भाऊ आणि एक भाडेकरू.

स्वतःच्या जागेवर स्वतः बांधलेले घर तर बाजाराच्या कुठल्याच आकड्यात येत नाही. आणि पंचवटीची परंपरा तीच आहे. वाल्मीकींच्या अरण्यकांडात रामाने जागा निवडली आणि लक्ष्मणाने पर्णशाळा बांधली, त्याचा तपशील एखाद्या अंदाजपत्रकासारखा आहे: मातीच्या भिंती, पक्के खांब, वर लांब वेळू, शमीच्या फांद्यांचे आच्छादन, त्यावर कुश आणि बोरू. मग गोदावरीत स्नान, फुलांचा बळी, वास्तुशांती. नकाशा नाही, दस्त नाही, मजुरीही नाही. आजही आपल्या देशात घर असेच थोडे थोडे, बोनस मिळेल तसे वर चढत जाते. कॉलमच्या सळया गच्चीवर उघड्या ठेवलेल्या दिसतात ना, ती पुढच्या मजल्याची आशा असते. कोणी त्या सळयांची गणती केली तर मला तो आकडा हवा आहे.

आणखी एक गोष्ट नकाशा न पाहणाऱ्याला चकवते. रामकुंड, काळाराम मंदिर, सीतागुंफा, पंचवटी कारंजा या जुन्या पंचवटीत नव्या घरांचे प्रमाण नेहमीच कमी भरते. २००८ च्या पुरानंतर निळी आणि लाल पूररेषा आखल्या गेल्या. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत वाडा पडला तरी नवे बांधणे मुश्कील. तपोवनात साधुग्रामासाठी राखलेली जमीन आहे. तिथे बारा वर्षांतून एकदा तंबूंचे शहर वसते आणि मोडते. एवढी घरे एका महिन्यात सुरू झालेली अमेरिकेच्या जनगणना खात्यानेही पाहिली नसतील. म्हणून इथली वाढ कायम कडेला ढकलली जाते: म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव, नांदूर. २००१ ते २०११ या दहा वर्षांत शहराची लोकसंख्या पावणेअकरा लाखांवरून पावणेपंधरा लाखांच्या पुढे गेली. ती द्राक्षाच्या आणि कोबीच्या वावरांवर गेली.

खड्डे वाढले म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ३३ कोटी घरांपैकी जवळपास अडीच कोटी रिकामी निघाली. चीनमध्ये २०१९ साली सुमारे २२७ कोटी चौरस मीटर नवे बांधकाम सुरू झाले. २०२३ पर्यंत ते ९५ कोटींवर आले. मध्ये एव्हरग्रांद ही तिथली बडी बिल्डर कंपनी बुडाली आणि अर्धवट इमारतींचे हप्ते भरणार नाही असे गिऱ्हाइकांनी जाहीर केले. २०१९ चा आकडा पाहून टाळ्या वाजवणाऱ्यांनी रिकाम्या खिडक्या पाहिल्या नव्हत्या. घसरण झाली म्हणजे मंदी येणारच, असेही नाही. अमेरिकेत एप्रिल २०२२ मध्ये १८ लाखांच्या आसपास असलेला वेग वर्ष संपता संपता १४ लाखांच्या खाली उतरला. सगळ्यांनी मंदीचे भाकीत केले. ती आली नाही. तिथले जनगणना खाते आपल्या पत्रकात नमुन्याच्या चुकीपेक्षा लहान असलेल्या बदलापुढे चांदणी छापते, याचा अर्थ यावरून घाईने काही ठरवू नका. बातम्यांत आकडा येतो, चांदणी गळते.

म्हसरूळच्या त्या खड्ड्याचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. मार्चमध्ये तो पडला, एप्रिलमध्ये अर्ध्या भागात फुटिंग झाले, कॉलमच्या सळया वर आल्या. मग जेसीबी गेला, मुकादम गेला, पत्र्याच्या कुंपणावरचा फलक उन्हाने फिका पडला. जूनचा पहिला जोराचा पाऊस झाला आणि खड्डा काठोकाठ भरला. पाण्यावर शेवाळ धरले, संध्याकाळी बेडकांचा कालवा सुरू झाला. अमेरिकन व्याख्येने इथे चोवीस घरे कधीच सुरू झालेली आहेत.

पत्र्याच्या खोलीत एक रखवालदार होते. मी विचारले, ‘काका, काम कधी चालू होणार?’

‘पंप येणार म्हणतात, ताई. पाणी काढलं की सुरू.’

‘कधीपासून म्हणतात?’

‘दीड महिना झाला. मी आहे तो सळई कोणी नेऊ नये म्हणून.’

परवा सकाळी फिरायला निघाले तर त्या बाजूने खरेच पंपाची धडधड ऐकू आली. पावले आपोआप भराभर पडली. जाऊन पाहते तर शेजारच्या वावरवाल्याने मोटार आणून पाइप खड्ड्यात सोडला होता. पावसाने आठवडाभर दडी मारलेली, कालव्याला पाणी नाही. खड्ड्यातले पाणी कोबीला चालले होते.